दोनशे मिनिटांची वाटणी

मुलांनो,

मागच्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलं. ती शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. संघात बारा जणी. तिनं लिहिलंय, ‘तीन सामने झाले, पण मला सगळी मिळून चारच मिनिटं खेळायला मिळालं. सर त्याच सात जणींना आलटूनपालटून खेळवतात. मग आम्हा पाच जणींना संघात घेतलं तरी कशाला? बाई, तुम्हीच सांगा, किती जणींना खेळवायला हवं?’

पत्र वाचून मी जरा अडचणीतच पडले. कारण वर्गात मी अगदी उलट वागते. स्नेहसंमेलनात नाटुकलं बसवायचं तर सगळ्या मुलांना काही ना काही काम मिळालंच पाहिजे, असा माझा हट्ट. मग कुणी झाड होतं, कुणी ढग होतं! पण सामना म्हणजे काही नाटुकलं नव्हे. तिथे समोर दुसरा संघ असतो आणि तो आपल्या ढगांसाठी थांबत नाही.

म्हणून ठरवलं, हा प्रश्न जिथे सर्वांत जास्त घोळवला गेलाय तिथेच जाऊन बघू या. कुठे? अमेरिकेतल्या कॉलेजांत. तिथे कॉलेजचं बास्केटबॉल बघायला हजारो लोक जमतात. मार्च महिना आला की देशभरातले ६८ संघ बाद फेरीच्या स्पर्धेत उतरतात. हरला तो घरी गेला. अजिंक्यपद मिळवायचं तर बहुतेक संघांना ओळीनं सहा सामने जिंकावे लागतात. अशा ठिकाणी प्रशिक्षक आपल्या बाकावरच्या किती मुलांवर भरवसा ठेवतो, यावर तिथे लोक तासन्‌तास वाद घालतात, बरं का.

आधी थोडं गणित करू. (पळू नका, सोपं आहे!) कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा. मैदानात एका वेळी पाच खेळाडू. म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला किती मिनिटं? पाच चोक वीस, २००. ही २०० मिनिटं बारा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला १६ मिनिटं ४० सेकंद. दहा जणांत वाटली तर २०, आठांत वाटली तर २५. कुणाला एक मिनिट जास्त द्यायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातूनच काढावं लागतं. घरात चार भावंडं आणि पुरणपोळ्या तीन, अशातली ही गत!

गंमत म्हणजे हा खेळ जन्मला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १८९१ साली स्प्रिंगफील्ड नावाच्या गावात जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. हिवाळ्यात बंद खोलीत खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांच्या वर्गात मुलं होती अठरा. मग त्यांनी काय केलं? नऊ विरुद्ध नऊ! अख्खा वर्ग मैदानात, बाकावर कुणीच नाही. शिक्षकानंच शोधलेला खेळ तो, दुसरं काय होणार! (त्या पहिल्या सामन्यात बास्केट झाली फक्त एक, हा भाग वेगळा.) पुढे १८९७ मध्ये पाच खेळाडूंचा नियम ठरला आणि उरलेले बाकावर आले. तरीसुद्धा बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घ्यायला बरीच वर्षं बंधनं होती. १९४४-४५ च्या मोसमापासून हवे तितक्या वेळा बदल करायची मोकळीक मिळाली. प्रशिक्षकांची खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली म्हणा ना.

आता काही वर्षांपूर्वीच्या मोसमातली एक गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे.

२०१४ च्या हिवाळ्यात केंटकी विद्यापीठाच्या संघात इतकी गुणी मुलं जमली की प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांना पाच जण निवडणंच अवघड झालं. त्यांनी चक्क दोन संघ केले. पहिले पाच चारेक मिनिटं खेळायचे, मग पाचच्या पाच बाहेर आणि दुसरे ताजेतवाने पाच आत. सैन्यातल्या तुकड्यांसारखं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅन्ससचा बलाढ्य संघ त्यांच्यासमोर आला आणि ७२-४० असा चीत झाला! डिसेंबरमध्ये दहातला एक जण, ॲलेक्स पॉइथ्रेस, गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला. त्यानंतर तुकड्यांचा हिशेब इतका काटेकोर राहिला नाही, पण वाटून खेळणं चालूच राहिलं. त्या संघातला कार्ल-अँथनी टाउन्स पुढच्या उन्हाळ्यात व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला निवडला गेला. पण कॉलेजात तो सामन्याला सरासरी किती मिनिटं खेळत होता? फक्त २१ च्या आसपास. एवढा मोठा खेळाडू, आणि निम्मा वेळ बाकावर! पत्र लिहिणाऱ्या मुली, हे वाचतेयस ना?

केंटकीनं ओळीनं ३८ सामने जिंकले. एकही हार नाही. मग ४ एप्रिल २०१५ ला उपान्त्य फेरीत त्यांची गाठ पडली विस्कॉन्सिनशी. शेवटची सहा-सात मिनिटं उरली होती आणि केंटकी पुढे होती. तेव्हा नियम असा होता की चेंडू हातात आला की ३५ सेकंदांत बास्केटकडे फेकायचा. केंटकीला लागोपाठ तीनदा वेळेत धड फेकताच आलं नाही आणि तीनदा चेंडू गमवावा लागला. सामना ७१-६४ असा गेला. सगळा मोसम दोन तासांत संपला.

असं का झालं? समोरचा संघही फार चांगला होता, हे आधी कबूल करू. पण माझ्या मनात येतं ते असं. दहा जणांना सारखं वाढायचं म्हटलं की कुणी उपाशी राहत नाही, पाय थकत नाहीत, भांडणं कमी होतात. मात्र अगदी अडचणीच्या क्षणी चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, याची सवय लागायला त्याच पाच जणांना पुष्कळ वेळ एकत्र खेळावं लागतं. ती सवय वाटून घेता येत नाही.

मग उलटं करावं का? मोजक्यांनाच खेळवावं? थांबा, गोष्ट अजून संपलेली नाही.

दोनच दिवसांनी, ६ एप्रिलला, अंतिम सामन्यात त्याच विस्कॉन्सिनसमोर ड्यूक विद्यापीठ उभं राहिलं. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की (आडनाव उच्चारताना तिथल्या लोकांचीही जीभ अडखळते!). त्यांच्याकडे त्या मोसमात शिष्यवृत्तीवरचे खेळाडू उरले होते फक्त आठ. एक डिसेंबरमध्ये दुसरीकडे गेला आणि एकाला जानेवारीत संघातून काढलं. आठ जणांत सरावालासुद्धा पाच विरुद्ध पाच होत नाहीत. शिष्यवृत्ती नसलेली, केवळ हौसेनं येणारी मुलं समोर उभी करावी लागतात. ती मुलं सामन्यात क्वचितच दिसतात, पण ती नसती तर सराव कसा झाला असता, सांगा बरं?

त्या आठांमध्येही मागे बसणारा एक मुलगा होता, ग्रेसन ॲलन. पहिल्या वर्षाला शिकणारा. मोसमभर त्याला सामन्यामागे सरासरी नऊ-दहा मिनिटं मिळायची. अंतिम सामन्यात साधारण तेरा मिनिटं उरली असताना ड्यूक नऊ गुणांनी मागे पडलं. त्यात त्यांच्या दोन मोठ्या खेळाडूंचे, जालील ओकाफोर आणि जस्टिस विन्सलो यांचे, फाउल वाढले होते. पाच फाउल झाले की खेळाडू बाद, तेव्हा त्यांना बाहेर बसवावं लागत होतं. आता कोण? तर ॲलन. त्यानं लागोपाठ आठ गुण केले. आधी लांबून तीन गुणांची बास्केट, मग चेंडू हिसकावणं, धडपडणं, पुन्हा उठून धावणं. सामन्यात त्याचे गुण झाले १६ आणि ड्यूक ६८-६३ नं जिंकलं.

वर्तमानपत्रांतून अशा गोष्टी ‘अचानक चमकला’ म्हणून छापून येतात. मला ते पटत नाही. मार्चच्या सुरुवातीला वेक फॉरेस्टविरुद्ध याच मुलाला भरपूर वेळ मिळाला होता आणि तेव्हा त्यानं २७ गुण केले होते. म्हणजे अंतिम सामन्याआधी महिनाभर प्रशिक्षकांनी त्याला पाहिलं होतं आणि त्यानंही स्वतःला पाहिलं होतं.

इथेच मला आपल्या वर्गाची आठवण होते. वाचनात कच्चा असलेला एखादा मुलगा असतो. त्याला आपण घंटा व्हायला दोन मिनिटं उरली की म्हणतो, ‘चल, आता तू वाच.’ सगळे दप्तरं भरत असतात, कुणाचं लक्ष नसतं. तो वाचतो, पण त्यातून त्याला काय मिळतं? मीही हे केलंय, खोटं कशाला बोलू. सामन्यातही तसंच होतं. तीस गुणांनी पुढे असताना शेवटची दोन मिनिटं बाकावरच्या पाचही जणांना एकदम आत सोडायचं, म्हणजे ‘सगळ्यांना खेळवलं’ असं म्हणायला मोकळे! त्यापेक्षा पहिल्या अर्ध्यात, गुण बरोबरीत असताना, चार पक्क्या खेळाडूंच्या सोबतीनं एकाला चार मिनिटं द्यावीत. तो चुकेल. चुकू दे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चुकला तर एखादा सामना जाईल, पण मार्चमध्ये पहिल्यांदाच आत गेला आणि चुकला तर सगळंच जाईल.

अर्थात सगळे संघ एकाच पद्धतीनं खेळत नाहीत, आणि ते फार महत्त्वाचं आहे. १९९४ साली अजिंक्य ठरलेल्या आर्कान्सा विद्यापीठाच्या खेळाला लोक ‘चाळीस मिनिटांचा नरक’ म्हणायचे! प्रशिक्षक नोलन रिचर्डसन यांची मुलं अख्ख्या मैदानभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, क्षणाची उसंत नाही. असं खेळायचं तर दहा माणसं हवीतच. सहा जणांकडून ते करून घ्यायला गेलात तर तेच आधी धापा टाकतील. याच्या उलट सिराक्यूजचे जिम बोहाइम. त्यांची मुलं बचाव करताना माणसामागे धावत नसत, आपापली जागा राखून उभी राहत. पुढे दोन, मागे तीन. तेवढीच दमछाक कमी, म्हणून सात-आठ जणांत भागायचं. २००३ चं अजिंक्यपद त्यांनी तसंच मिळवलं. शिवाय टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात जाहिरातींसाठी दर चार मिनिटांच्या आसपास खेळ थांबतो. तेवढ्यात पाणी प्यायचं, दम घ्यायचा. जाहिरातींचा खेळाडूंना असाही उपयोग!

आणि ग्रिनेल कॉलेज? आयोवा राज्यातलं हे छोटं कॉलेज. वर्षानुवर्षे हरून हरून मुलं कंटाळली होती. मग प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनॉल्ट यांनी ठरवलं, निदान मजा तरी करू. मिनिटभरही होत नाही तोच पाच बाहेर, पाच आत, पुन्हा पाच बाहेर. पंधरा-पंधरा मुलं खेळायची, सगळी जिवाच्या आकांतानं धावायची. मला हा माणूस फार आवडतो. पण त्यातही एक गंमत आहे. २०१२ साली याच ग्रिनेलच्या जॅक टेलरनं एका सामन्यात एकट्यानं १३८ गुण केले. त्या रात्री तो मैदानात होता ४० पैकी ३६ मिनिटं! सगळ्यांना खेळवणाऱ्या संघानंही त्या दिवशी ताट एकाच्याच पुढे सरकवलं.

अलीकडे प्रशिक्षकांपुढे आणखी एक पेच आलाय. पूर्वी कॉलेज बदललं की मुलाला बहुधा एक वर्ष न खेळता काढावं लागे. २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलायला सूट मिळाली आणि २०२४ पासून, अभ्यास नीट असेल तर, कितीही वेळा. त्यामुळे बाकावर बसलेला नववा-दहावा मुलगा मोसम संपला की सरळ दुसरं कॉलेज गाठतो. त्याला राखायचं तर त्याच्यासाठी काहीतरी खरं काम काढून ठेवावं लागतं. नुसतं पाठीवर हात ठेवून भागत नाही.

तर पत्र लिहिणाऱ्या मुली, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मला विचारशील तर मोसमाच्या सुरुवातीला दहा-अकरा जणांना खरीखुरी मिनिटं द्यावीत आणि बाद फेरी येईल तेव्हा आठ, फार तर नऊ ठेवावेत. बारा जणांना सारखं वाटणं मला मनातून आवडतं, पण बाद फेरीत ते जमत नाही, हे मी मान्य करते. सात मात्र कमीच. दोघींचे फाउल वाढले आणि एकीचा पाय मुरगळला की तुमच्या सरांकडे चारच उरतील. तेव्हा ते बाकाकडे वळून बघतील, आणि त्यांना कुणाबद्दल काहीच माहीत नसेल.

म्हणून सरांशी बोलायला जाशील तेव्हा ‘मला का नाही खेळवत?’ असं विचारू नकोस. ‘सर, पुढच्या सामन्यात दुसऱ्या डावात चार मिनिटं द्याल का? मी त्यांच्या उंच मुलीला अडवायचा सराव केलाय,’ असं सांग. आणि तो सराव आधी कर, हे सांगायला नको.

आई-बाबांनाही एक विनंती आहे. गॅलरीत बसून घड्याळात आपल्या मुलीची मिनिटं मोजू नका हो. मुलीला ते खालून दिसतं.

आता तुम्हा सगळ्यांना एक काम. दहा-दहा मिनिटांचे चार डाव धरा, म्हणजे आपलीही २०० मिनिटं झाली. बारा खेळाडूंची यादी करा आणि ही मिनिटं वाटा. कुणाला किती आणि का, हे शेजारी लिहा. वाटून झाली की असं समजा की मध्यंतराआधीच तुमच्या दोन पक्क्या खेळाडूंचे तीन-तीन फाउल झाले आहेत. मग खोडरबर घ्या आणि पुन्हा वाटा. तक्ते पुढच्या शनिवारपर्यंत माझ्याकडे पाठवा. बाराव्या खेळाडूच्या नावापुढे तुम्ही काय लिहिता, ते मी सगळ्यांत आधी बघणार आहे.

तुमच्या
बाई