विश्लेषण : इमारतीचे गणित ‘एआय एजंट’ करणार, मग सही कोणाची?

बारा मजली इमारतीचे संगणकीय मॉडेल तयार करणे, त्यावर भार टाकणे आणि निकाल तपासणे यात संरचना अभियंत्याचे (स्ट्रक्चरल इंजिनीअर) बरेच दिवस जातात. आता यातले बरेचसे काम साध्या भाषेत दिलेल्या सूचनेवरून ‘एआय एजंट’ करू लागले आहेत. वेळ वाचतो, हे खरेच. पण या क्षेत्रातली चूक स्क्रीनवर थांबत नाही, ती काँक्रीटमध्ये उतरते. म्हणूनच एजंटला किती मोकळीक द्यायची, हे आधी ठरवायला हवे.

एजंट नेमके काय करतो?

ईटॅब्स, सॅप २०००, स्टाड प्रो ही या क्षेत्रातली सर्वपरिचित सॉफ्टवेअर. माऊसने केली जाणारी बरीचशी कामे बाहेरच्या प्रोग्रॅमनेही करता यावीत, यासाठी त्यांना ‘एपीआय’ नावाचे दार असते. आजवर या दारातून अभियंत्याने स्वतः लिहिलेल्या आज्ञा जात. तो प्रोग्रॅम सांगितले तेवढेच करी आणि अडला की थांबे. एजंट मात्र पुढची पायरी स्वतः ठरवतो. अडला तर वाटही स्वतःच शोधतो. त्याचा उपयोग यातच आहे आणि धोकाही यातच.

धोका कुठे आहे?

पहिला धोका न दिसणाऱ्या चुकीचा. ईटॅब्स किंवा सॅपला एपीआयमधून आज्ञा दिली की उत्तरात एक आकडा येतो. शून्य आला तर काम झाले, दुसरा काही आला तर झाले नाही. एजंटने हा आकडा पाहिलाच नाही, तर एखाद्या मजल्यावरचा भार मॉडेलमध्ये पडलेलाच नसतो आणि विश्लेषण तरीही सुरळीत पूर्ण होते.

दुसरा धोका एककांचा. मिलिमीटर आणि मीटर, न्यूटन आणि किलोन्यूटन यांत गफलत झाली की उत्तर हजार पटींनी बदलते. इतकी मोठी चूक सहसा डोळ्यांत भरते. पण ती एखाद्याच भारापुरती असेल, तर एकूण आकड्यांत लपून जाते.

तिसरा धोका सर्वांत गंभीर. ‘सगळ्या तपासण्या पास झाल्या पाहिजेत’ असे एजंटला सांगितले, तर तो इमारत नव्हे, गृहीतकही बदलू शकतो. उदाहरणार्थ, भूकंपात मजला आडवा किती सरकावा, याची मर्यादा ‘आयएस १८९३’ या भारतीय मानकात मजल्याच्या उंचीच्या ०.४ टक्के आहे. म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटर. भेगा पडल्यावर बीमचा ताठपणा घटतो, म्हणून तो मूळच्या ३५ टक्केच धरावा, असे याच मानकाची २०१६ ची आवृत्ती सांगते. हा आकडा ३५ वरून १०० केला की मजल्याचे सरकणे कागदावर कमी होते आणि लाल खूण हिरवी होते. प्रत्यक्षात ना सळई वाढलेली असते, ना कॉलम.

यापूर्वी असे घडले आहे का?

एआय नसतानाही घडले आहे. नॉर्वेतील ‘स्लाइपनर ए’ या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणी सुरू असताना समुद्रात बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. सॉफ्टवेअर बिघडलेले नव्हते. मॉडेलमधली विभागणी चुकीची असल्याने भिंतींवरचा कातर ताण ४७ टक्के कमी दिसला आणि त्यावर विसंबून भिंती अपुऱ्या ठरल्या.

अमेरिकेतील हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचे छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे हजारो प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. बांधकामाच्या वेळी छत गणितापेक्षा जास्त वाकत असल्याचे लक्षात आले होते; पण संगणकाच्या उत्तरावर विश्वास ठेवला गेला.

दोन्हीकडे धडा एकच. सॉफ्टवेअर मॉडेलचे उत्तर देते, इमारतीचे नव्हे. मॉडेल इमारतीसारखे आहे की नाही, हे माणसालाच पाहावे लागते.

मग एजंट वापरायचाच नाही का?

जरूर वापरावा. ग्रिड आखणे, भारांच्या जोड्या तयार करणे, निकालांचे तक्ते लावणे, चार पर्यायांची तुलना करणे ही कामे त्याला खुशाल द्यावीत. पण त्याने मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करावे. त्याच्या प्रत्येक आज्ञेची आणि आलेल्या उत्तराची नोंद राहावी. आधार, भार, ताठपणाचे गुणक आणि मानकातले आकडे यांतला कोणताही बदल अभियंत्याच्या मंजुरीशिवाय होऊ नये.

आणि शेवटी हाताने पडताळणी हवीच. काँक्रीटच्या निवासी इमारतीत दर मजल्यावर चौरस मीटरमागे साधारण एक ते सव्वा टन भार धरतात. ४०० चौरस मीटरचे दहा मजले असतील, तर पायावर चार ते पाच हजार टन यायला हवेत. सॉफ्टवेअर अडीच हजार दाखवत असेल, तर काहीतरी गळले आहे. हा हिशेब कागदाच्या तुकड्यावर दोन मिनिटांत होतो.

जबाबदारी कोणाची?

आराखड्यावर सही अभियंत्याची असते, एजंटची नव्हे. म्हणून जे समजले नाही, त्यावर सही करायची नाही, हा जुना नियम आता अधिक कडक पाळायला हवा. एजंटमुळे वाचलेले दिवस आणखी चार प्रकल्प घेण्यात गेले, तर धोका वाढेल. तेच तपासणीला दिले, तर इमारती अधिक सुरक्षित होतील. घर घेणारा माणूस मॉडेल पाहत नाही. तो त्या सहीवर विश्वास ठेवून मुलाबाळांसह तिथे राहायला जातो.