माळढोक आणि 'पडीक' माळ

महसुली दप्तरात 'पडीक' हा शब्द फार सहजपणे लिहिला जातो. ज्या जमिनीत पीक नाही, झाड नाही आणि पाणीही नाही, ती निरुपयोगी, असे त्यामागील गणित असते. माळढोक पक्ष्याचे सारे दुर्दैव या एका शब्दात साठले आहे.

मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी उघड्या गवताळ माळावरच वावरतो आणि जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो. एकेकाळी शिकाऱ्यांनी त्याचा संहार केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीला पायबंद घातला. परंतु नांगर, कालवा आणि वीजवाहिनी यांना तो आवरू शकला नाही. आज देशात दीडशेही माळढोक उरले नसावेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत.

महाराष्ट्राने १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित केले. हेतू स्तुत्य होता. तथापि नकाशावरील रेषेच्या आत गावे, शेते, रस्ते असे सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडले आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या शिवारात हा पक्षी निर्धास्त चरे, त्या शेतकऱ्यालाच तो प्रपंचातील अडसर वाटू लागला. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. पण तोवर बराचसा माळ उसाने आणि वृक्षलागवडीने गिळला होता.

दुष्काळी मुलखात माणसाच्या भाकरीपेक्षा पक्षी मोठा कसा, असा प्रश्न विचारला जातो. तो अप्रामाणिक नाही. परंतु अपुरा आहे. हाच माळ मेंढपाळाचे चराऊ रान आहे. नान्नजजवळ अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या कुरणांनी माळढोकालाही आसरा दिला, हे विसरता येत नाही. खरा विरोध पक्षी आणि माणूस यांच्यात नसून, संरक्षणाचे समाधान साऱ्या समाजाला आणि भुर्दंड मात्र मूठभर कोरडवाहू शेतकऱ्यांना, या अन्याय्य वाटणीत आहे.

म्हणून केवळ मनाईहुकूम पुरेसे नाहीत. माळालगत ज्वारी-करडईसारखी कोरडवाहू पिके टिकवणाऱ्यास शासनाने रोख मोबदला द्यावा, गवताळ कुरणांवर झाडे लावण्याचा उत्साह आवरावा आणि दप्तरातील 'पडीक' हा शब्दच बदलावा. ज्याची किंमत शून्य मांडली जाते, ते राखण्याची बुद्धी कोणत्याही अर्थव्यवस्थेस होत नसते.