शाही थाट कोणाच्या खर्चाने?

तुळशीचे लग्न लागले की आमच्या कोल्हापुरात दारोदार मांडव पडू लागतात, आणि अलीकडे या मांडवांत एक नवाच रोग शिरला आहे. त्याचे नाव ‘शाही विवाह’. कार्यालयाच्या दाराशी पुठ्ठ्याचा दिल्ली दरवाजा, भाड्याचे चोपदार, भाड्याची अब्दागिरी, नवरी मेण्यात आणि जेवणाच्या फलकावर ‘पेशवाई थाट’! मुलीचा बाप कर्ज काढतो आणि फोटोवाला त्यावर शनिवारवाड्याचा पडदा सोडतो.

हौसेला मोल नाही, हे मलाही मान्य आहे. पण नक्कल करायचीच तर पुरती करावी.

पेशव्यांच्या पुण्यातले सर्वांत गाजलेले लग्न सवाई माधवरावांचे, 1783 सालचे. नाना फडणिसांनी त्याचा बंदोबस्त केला; पंक्ती आणि वाढप यांचीसुद्धा बारकाईने तजवीज होती. ते व्यवस्थापन पाहून आजच्या कोणत्याही कार्यालयवाल्याने कान पकडावेत. परंतु त्या मांडवातला नवरदेव नऊ वर्षांचाही पुरता नव्हता. वधू रमाबाई 1793 साली वारली. मग यशोदाबाई आली. ती पोर होती तोच 1795 साली माधवराव वाड्यातून पडून वारले. पुढे ही पोरविधवा रायगडावर राहिली आणि 1811 साली तिथेच संपली. थोरल्या माधवरावांच्या रमाबाई 1772 साली थेऊरला सती गेल्या, त्यांचे वृंदावन आपण भक्तिभावाने पाहून येतो. ‘पेशवाई नवरी’ म्हणून मुलीला सजवणाऱ्या आयांनो, यातली कोणती नवरी तुमच्या मनात असते?

ही झाली वाड्यातली माणसे. त्या पंक्तींमागे दळणकांडण, उष्टीखरकटी, गोठा, हे सारे कोण करीत होते? कुणबिणी. हा शब्द आता आपल्या कानावरून गेला आहे, म्हणून सांगतो : विकत घेतलेल्या बायका. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या इनाम दिल्या जात, आणि व्यभिचाराचा आळ शाबीत झालेल्या बाईला सरकारच कुणबीण करून टाकी. पेशवे दफ्तरात त्यांच्या नोंदी गुराढोरांच्या नोंदींसारख्या आहेत. नानासाहेबांनी कात्रजहून पुण्याला पाणी आणले, हे थोर काम. पण हौदावरून घरात आणि घरातून हौदावर खेपा घालणाऱ्या डोक्यांची याद कोणी केली नाही. आणि ज्यांना त्या हौदाला शिवण्याचीही बंदी, त्यांचे काय? जोतीराव फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी 1855 साली ‘ज्ञानोदया’त लिहून गेली, की बाजीरावाच्या राज्यात तालमीपुढून गेलेल्या महार-मांगाच्या शिराचा चेंडू करीत. तो निबंध एकदा घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा.

“अहो, तो काळच तसा होता!” असे यावर उत्तर येते. बरोबर. मग त्या काळाची पगडी तेवढी का उचलता?

त्यातही कोल्हापूरकराने पेशवाई मिरवावी, ही गंमत आहे. आपली गादी अठराव्या शतकाच्या बहुतेक काळ पन्हाळ्यावर होती. ती शतक सरता सरता खाली शहरात आली. तेव्हाचे करवीर म्हणजे अंबाबाईभोवतीची वस्ती, तट आणि वेशी. थाट कसला, लढाईतून उसंत नव्हती. 1799 साली पट्टणकुडीला परशुरामभाऊ पटवर्धन पडले आणि त्याचा सूड म्हणून पुण्याकडच्या फौजा कोल्हापूरला वेढा घालून बसल्या. रंकाळा वेस, गंगावेस ही नावे आज आपण रिक्षावाल्याला सांगतो. त्या वेशींच्या आत अडकलेल्या बायकांनी काय शिजवले असेल, तो पदार्थ अद्याप कोणत्या फलकावर चढलेला नाही.

आणि याच गादीवर पुढे शाहू महाराज आले. कार्तिकातल्या पंचगंगास्नानाला भटजीने त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र नाकारले, ती गोष्ट घरोघर ठाऊक आहे. त्यांनी 1902 साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि स्वतःच्या घराण्यातली मुलगी इंदूरच्या होळकरांच्या घरी देण्याचे ठरवले. मराठ्याची मुलगी धनगराच्या घरी! कोल्हापुरात शाही विवाह झाला असेल तर तो हा. पण त्याचा पडदा कोणा फोटोवाल्याकडे भाड्याने मिळत नाही.

बरे, पुठ्ठ्याचा दरवाजा आधीच ठरवून झाला असेल, विसार दिला असेल, तर राहू द्या. मात्र त्या दिवशी मेणा उचलणाऱ्या पोरांची आणि चोपदारांची पाने पहिल्या पंगतीत मांडा. रात्री अकराला, मांडवाच्या मागच्या बाजूला, उरलेला मसालेभात कागदात बांधून त्यांच्या हाती देऊ नका.