९६ कोअर, तरी घरच्या पीसीवर आय३च सरस?

जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, असे दुकानात सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. इंटेलच्या कोअर आय३-१२१०० मध्ये ४ कोअर आहेत, एएमडीच्या एपिक ९६५४ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ९६. मात्र आय३चा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ, एपिकचा ३.७. ब्राउझर, एक्सेल आणि बहुतेक गेम मोजक्याच कोअरवर चालतात. बाकीचे नुसते बसून राहतात. बँकेच्या सर्व्हरवर एकाच वेळी हजारो ग्राहकांची कामे येतात, तिथे आय३ची दमछाक होईल. त्यासाठीच एपिकची २०२२ मधील ११,८०५ डॉलर ही जाहीर किंमत आणि ३६० वॉटची भूक परवडते. जुने सर्व्हर प्रोसेसर ऑनलाइन स्वस्तात दिसतात. पण त्यांचा एकेक कोअर आणखी मंद असतो. तेच पैसे एसएसडी आणि रॅमवर खर्च केलेले बरे.