आपला हिवाळा आषाढात येतो

मैदानालगत : साप्ताहिक सदर

बेळगावात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना सगळ्यात जास्त थंडी कधी वाजते, असं विचारलं तर बाहेरचा माणूस डिसेंबर-जानेवारी सांगेल. खेळणारा जुलै-ऑगस्ट सांगेल, आणि त्याचंच बरोबर आहे. डिसेंबरात पहाटे पारा चौदा अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण नऊ-दहा वाजता ऊन चढतं आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. आषाढात दिवसभर पारा वीस ते पंचवीसच्या मध्येच घोटाळतो, आठ-आठ दिवस सूर्याचं दर्शन नसतं, पश्चिमेकडून वारा सुटलेला असतो आणि अंगावरची जर्सी पहिल्या पाच मिनिटांत चिंब होते. साडेसातशे मीटर उंचीवरच्या, सह्याद्रीला लागून असलेल्या या गावाला बर्फ माहीत नाही. फुटबॉलपटूला जो हिवाळा सोसावा लागतो, तो मात्र दर वर्षी मृगामागोमाग येतो.

वीस अंशांत कसली थंडी, असं वाटेल. पण कोरड्या हवेतले वीस अंश वेगळे आणि ओल्या कपड्यांतले वेगळे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, आणि वर वारा असला की जर्सीतलं पाणी उडताना आणखी ऊब नेतं. स्नायू गार पडला की त्याचं आकुंचन मंदावतं, त्याच्यापर्यंत जाणारा संदेशही उशिरा पोचतो आणि एरवी सहज सोसला असता तो ताण त्याला झेपत नाही.

हे बघायचं असेल तर कॉलेजच्या सामन्यात खेळणाऱ्यांकडे बघू नका, बाकावर बसलेल्या बदली खेळाडूकडे बघा. पहिल्या सरीत भिजलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, पाठीला पोक काढून बसलेला. मैदानातल्यांचं अंग धावून तरी गरम राहतं. याचं तासभर नुसतं गार होत जातं. साठाव्या-पासष्टाव्या मिनिटाला सरांची हाक येते. पोरगा टच-लाइनवर चार उड्या मारतो आणि आत जातो. पहिल्याच लांब चेंडूमागे जीव खाऊन सुटतो आणि मांडीचा मागचा स्नायू धरून खाली बसतो. सगळे म्हणतात, चिखलात पाय घसरला. घसरला असेलही, पण गार पडलेल्या स्नायूवर एकदम पूर्ण वेगाचा भार टाकला, हे कारण कुणी सांगत नाही. पिशवीत कोरडी जर्सी, जुना टॉवेल, कोरडे मोजे आणि एक विंडचिटर एवढ्याने, आणि आत जाण्याआधी दहा मिनिटं नीट वॉर्म-अप केल्याने यातल्या कितीतरी दुखापती टळतील.

थंडी अंगाला बाधते, चिखल खेळाला. आपल्या भागात चिखलही एका जातीचा नाही. बेळगाव कॅम्प आणि खानापूरकडची तांबडी माती पाणी लवकर पिते. वर निसरडी, खाली कडक. शहापूर-वडगाव-अनगोळच्या शिवारातली आणि निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यातली काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि बुटाला चिकटते. कडक मैदानासाठी घेतलेल्या बुटांचे आखूड स्टड या मातीत दहा मिनिटांत भरून सपाट होतात. खेळ थांबला की पोरं काटकीने, नाही तर बोटांनी तळवा खरवडताना दिसतात. एकेका पायाला पाव-पाव किलो माती घेऊन धावायचं, थांबायचं आणि वळायचं असतं.

अशा मैदानावर चेंडू घरंगळत नाही. जमिनीवरून दिलेला पास मध्येच डबक्यात रुतून बसतो. दोन-तीन वेळा असं झालं की संघ आखूड पासांचा नाद सोडतो आणि लांब, उंच चेंडू मारू लागतो. मग उंची, वजन आणि लाथेचा जोर यांना भाव येतो. ज्याच्या पायात चेंडू चिकटून राहतो, जो तिघांच्या मधून वाट काढतो, असा हलका, चपळ पोरगा सामनाभर कुठेच दिसत नाही. गोल होतात ते कॉर्नरवर, फ्री-किकवर किंवा गोलरक्षकाच्या हातून निसटलेल्या ओल्या चेंडूवर.

बर्फाच्या देशांत हेच होतं. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल हा वेगळा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा, दहा-दहा यार्डांनी पुढे सरकायचं. २५ नोव्हेंबर १९५० रोजी कोलंबस शहरात ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा सामना हिमवादळात झाला. मैदानावरच्या रेषा दिसेनात. दोन्ही संघांनी मिळून पंचेचाळीस वेळा चेंडू लाथाडून परत दिला, कारण जवळ ठेवून पुढे जाणं अशक्य होतं. मिशिगनने हवेत फेकलेल्या नऊ चेंडूंपैकी एकही आपल्या माणसाने झेलला नाही, एकदाही त्यांना दहा यार्डांचा टप्पा गाठता आला नाही. तरी ९-३ असा विजय मिशिगनचाच झाला. पुढे १ जानेवारी १९५१ ला कॅलिफोर्नियात रोझ बोल हा मानाचा सामना खेळायला मिशिगन गेलं. कोलंबसमध्ये त्या दिवशी बर्फात कोण कमी चुकतं, ते ठरलं. चेंडू कोण चांगला खेळतं, हा प्रश्न त्या मैदानावर विचारताच आला नाही.

आमच्या कॉलेजच्या पोरा-पोरींपुढे हाच प्रश्न दर वर्षी येतो. आंतरमहाविद्यालयीन सामने बऱ्याचदा पाऊस ओसरायच्या आत उरकले जातात, तेही बाद पद्धतीने, दोन-तीन दिवसांत. त्यावरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो तेव्हा पावसाळा संपलेला असतो, मैदान कोरडं असतं आणि चेंडू सरळ, वेगाने धावतो. म्हणजे परीक्षा चिखलाची आणि नोकरी टणक मैदानावरची. पहिल्या फेरीतल्या एका राडीत ज्याचं कॉलेज हरलं, त्या गुणी खेळाडूचं वर्ष तिथेच संपतं. आणि कॉलेजच्या खेळाडूकडे वर्षं असतात तीन.

संघ पुढे मजल मारून कधी उत्तरेत गेलाच, तर तिथे खरी थंडी भेटते. आदल्या दुपारी पंचवीस अंशांत ०.८ ॲटमॉस्फिअर दाबाने भरलेला चेंडू सकाळी पाच अंशांत ०.७ च्याही खाली येतो. नियमाला ०.६ पासून १.१ पर्यंतचा दाब चालतो, त्यामुळे पंच काही म्हणत नाहीत. पण चेंडूची उसळी आणि लाथेला मिळणारा जोर, दोन्ही बदलतात. हवा मैदानावर पोचल्यावर भरायची, वॉर्म-अप लांबवायचा, तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं, या गोष्टी निघण्याआधीच शिकवायला हव्यात.

निपाणीत वेळापत्रकाचा घोळ आणखी वाढतो. केएलईचं बागेवाडी कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेलं. गावाला खेटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणून शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. एकाच गल्लीतले, एकाच पटांगणावर वाढलेले दोन मित्र बारावीनंतर दोन वेगळ्या वेळापत्रकांत जातात. पुरुषांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकाचा मार्ग दक्षिण विभागातून, दुसऱ्याचा पश्चिम विभागातून. पाऊस मात्र दोघांवर सारखाच पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं, तेव्हा कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामधली वाट अडली. मैदान भिजताना सीमा बघत नाही, वेळापत्रक मात्र बघतं.

यावर एक बाजू नेहमी मांडली जाते, आणि ती मनापासूनची आहे : पावसात खेळण्यातच मजा, त्यानेच पोरं कणखर होतात. मजा आहेच. बेळगावच्या शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात रंगतात, भर पावसात छत्र्या घेऊन लोक बघायला येतात आणि त्या चिखलातूनच इथल्या कित्येक पिढ्यांना खेळाची गोडी लागली. तो आनंद कुणी काढून घेऊ नये. पण आनंदासाठी खेळणं आणि वर्षभराची निवड करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या तालमी आहेत. त्यांचा मोसम शाहू स्टेडियमवर दिवाळीनंतर भरात येतो आणि पुढच्या पावसाआधी आटोपतो. गोव्यात गावोगावचे सामने भातकापणीनंतर रिकाम्या शेतांत रंगतात. केरळात मलप्पुरमची सात-सात जणांची सेव्हन्स स्पर्धाही पाऊस सरल्यावरची. या लोकांना पावसाची भीती नाही. खेळ खेळासारखा व्हावा म्हणून त्यांनी ऋतू निवडला आहे.

सत्र परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा सांभाळताना विद्यापीठांचे हात बांधलेले असतात, हे मान्य. तरी चार गोष्टी त्यांच्या हातात आहेत. निवडीचे सामने परतीचा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ठेवावेत. ते जमत नसेल तर वेळापत्रकात दोन राखीव दिवस धरावेत आणि सकाळी पंचांनी मैदानभर चेंडू टाकून बघावा. तो उसळत नसेल, डबक्यात थांबत असेल, तर सामना दुसऱ्या दिवशी. बाद पद्धतीऐवजी छोटे गट करून प्रत्येक कॉलेजला किमान दोन सामने द्यावेत, म्हणजे एका सरीवर कुणाचं वर्ष जाणार नाही. आणि मैदानाचा मधला भाग किंचित उंच ठेवून कडेने चर काढावेत, गोलसमोरच्या खड्ड्यांत वाळू भरावी. शेताच्या बांधाला पाण्याची वाट कशी करून द्यायची, हे या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मैदानाला त्याहून वेगळं काही लागत नाही.

निपाणीच्या दोन्ही कॉलेजांनी तर कुणाच्या परिपत्रकाची वाट बघू नये. जानेवारीत, कोरड्या मैदानावर, मुलांचा आणि मुलींचा एकेक मैत्रीचा सामना दर वर्षी ठेवावा आणि दोन्ही विद्यापीठांच्या निवड समित्यांना आग्रहाने बोलवावं. पावसाळ्यात जे खेळाडू नजरेतून सुटले, ते तिथे दिसतील.

यासाठी नवं स्टेडियम नको, मोठा निधीही नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत क्रीडा संचालक पुढच्या वर्षाच्या तारखा लिहायला बसतात, तेव्हा शेजारी एखादा खेळाडू आणि एखादा पंच बसवावा. कुठल्या आठवड्यात कुठलं मैदान पाण्याखाली असतं, ते त्या दोघांना तोंडपाठ आहे. त्यांना विचारून तारखा टाकल्या, तर येणाऱ्या वर्षीचा विद्यापीठ संघ खेळ बघून निवडलेला असेल.