जमीन जनतेची, चाके मालकाची

१/ अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ‘ब्रेव्हज’ नावाचा एक फार जुना संघ आहे. १९५३ पासून त्याने तीन वेळा नव्या घरासाठी जुने घर सोडले, एकदा घर बदलूनही शहर राखले, आणि त्याच्या चार स्टेडियमांपैकी तीन उभी करण्यासाठी लोकांची तिजोरी उघडली गेली. व्यावसायिक संघाला करदात्यांनी पैसा द्यावा का, या वादाचा सारा इतिहास या एकाच संघाच्या प्रवासात वाचता येतो. त्यासाठी हा धागा.

२/ आरंभ बॉस्टनपासून. १८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली तेव्हा बॉस्टनचा हा संघ तिच्या मूळ सभासदांत होता. १९१५ मध्ये त्याचे ‘ब्रेव्हज फील्ड’ उभे राहिले ते संघमालकाच्या पैशातून. त्या काळी हीच रीत होती. धंदा ज्याचा, भिंतीही त्याच्याच. नाट्यगृहाचा मालक नाट्यगृह बांधतो, तसेच हे.

३/ १९४८ मध्ये ब्रेव्हजनी लीगचे अजिंक्यपद मिळवले. त्या हंगामात १४ लाखांहून अधिक प्रेक्षक मैदानावर आले. त्यानंतरची घसरण मात्र भयावह होती. १९५२ मध्ये हा आकडा सुमारे २ लाख ८१ हजारांवर आला. शहरात ‘रेड सॉक्स’ हा दुसरा, अधिक लाडका संघ होताच. मालक लू पेरिनी हे बांधकाम व्यावसायिक होते. तोट्याचा हिशेब त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

४/ त्याच सुमारास विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे काउंटीने, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनाने, सुमारे ५० लाख डॉलर खर्चून स्टेडियम बांधायला घेतले. मोठ्या लीगचा संघ गावात नव्हता. ‘मैदान असेल तर संघ येईल’ हा त्यामागचा विश्वास. घरात वर नाही आणि अंगणात मांडव घातला, असा हा प्रकार. पण नवल असे की वर खरोखरच आला.

५/ मार्च १९५३ मध्ये, हंगाम सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, लीगने ब्रेव्हजच्या स्थलांतराला मान्यता दिली. मोठ्या लीगमध्ये ५० वर्षांत एकाही संघाने शहर बदलले नव्हते. पहिल्याच हंगामात मिलवॉकीत १८ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. पुढची चार वर्षे तो आकडा दरसाल २० लाखांच्या वर राहिला. १९५७ मध्ये न्यूयॉर्क यांकीजना हरवून संघ विश्वविजेता झाला.

६/ मिलवॉकीच्या दृष्टीने हे सोन्याचे दिवस होते. परंतु इतर संघमालकांनी यातून वेगळाच धडा घेतला. ब्रुकलिनच्या डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ’मॅली हे आकडे पाहत होते. ब्रुकलिनमध्ये हवी ती जागा मिळेना. लॉस एंजेलिस शहराने शावेझ रवीनची विस्तीर्ण जमीन देऊ केली. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्सही गेले. शहराशी असलेले नाते हे सौद्यातील एक हत्यार आहे, हे आता सर्वांना कळले होते.

७/ मग काळाने मिलवॉकीकडे तोंड वळवले. १९६२ मध्ये पेरिनींनी संघ शिकागोच्या एका गटाला विकला. नव्या मालकांचे लक्ष तिकिटांपेक्षा दूरचित्रवाणीकडे होते. मिलवॉकीच्या दक्षिणेस शिकागोचे दोन संघ, पश्चिमेस मिनेसोटाचा नवा संघ. प्रक्षेपणाचे क्षेत्र दोन्हीकडून आखडलेले. याउलट अमेरिकेच्या आग्नेय भागात मोठ्या लीगचा एकही संघ नव्हता. तो संपूर्ण प्रदेश मोकळा होता.

८/ अटलांटाने तेच केले जे मिलवॉकीने केले होते. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचे स्टेडियम सार्वजनिक प्राधिकरणाच्या रोख्यांतून वर्षभराच्या आत उभे राहिले. आपल्या मालकीची नसलेल्या जमिनीवर, आपल्यापाशी नसलेल्या पैशातून, अजून करारही न झालेल्या संघासाठी आपण स्टेडियम बांधले, अशा अर्थाचे उद्गार महापौर आयव्हन ॲलन यांनी पुढे अभिमानाने काढले.

९/ ‘आपल्या मालकीची नसलेली जमीन’ हे शब्द विनोदाने घेऊ नयेत. तेथे पूर्वी वस्ती होती. नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली ती उठवण्यात आली होती, आणि उठवलेल्यांत बहुतांश गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे होती. शेजारच्या समरहिल, पीपल्सटाउन, मेकॅनिक्सव्हिल या वस्त्यांच्या वाट्याला वाहनतळ आणि महामार्ग आले. अनुदानाचा हिशेब मांडताना ही रक्कम कोणत्याच रकान्यात धरली जात नाही.

१०/ कराराने बांधलेला संघ १९६५ चा हंगाम मिलवॉकीतच खेळला. जाणाऱ्या पाहुण्याला पाहायला कोण येणार? वर्षभरात जेमतेम साडेपाच लाख प्रेक्षक आले. विस्कॉन्सिन राज्य न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली संघाविरुद्ध निकाल दिला. पण जुलै १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन मतांनी फिरवला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

११/ या निकालामागे १९२२ पासूनची एक विचित्र सूट होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी संघीय कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. याचा व्यावहारिक अर्थ समजून घेण्यासारखा आहे. देशात संघ किती असावेत हे लीग ठरवते, आणि ती ते इच्छुक शहरांपेक्षा कमीच ठेवते. एक शहर नेहमी उपाशी राहिले तर उरलेल्या सर्वांना धाक राहतो.

१२/ आता कथेतील सर्वांत बोचरा भाग. संघ गमावलेल्या मिलवॉकीने काय केले? बड सीलिग हे मोटारविक्रेते तेथे नवा संघ आणण्यासाठी झटत होते. १९७० मध्ये त्यांनी सिअ‍ॅटलचा दिवाळखोर ‘पायलट्स’ संघ विकत घेऊन मिलवॉकीस आणला. अवघ्या एका हंगामानंतर सिअ‍ॅटल पोरके झाले. चार वर्षांपूर्वी स्वतः भोगलेले दुःख मिलवॉकीने दुसऱ्या शहराच्या ओंजळीत ठेवले.

१३/ सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीने मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांच्या आधारे ‘किंगडोम’ हे छताचे स्टेडियम बांधले. ते १९७६ मध्ये उघडले आणि पुढल्या वर्षी नवा बेसबॉल संघ मिळाला. मार्च २००० मध्ये किंगडोम सुरुंग लावून पाडण्यात आले. त्यावरचे कर्ज मात्र २०१५ पर्यंत फिटत होते. नसलेल्या घराचे हप्ते लोक १५ वर्षे भरत होते.

१४/ मिलवॉकीतही चक्र थांबले नाही. १९९५ मध्ये नव्या स्टेडियमसाठी पाच काउंट्यांत ०.१ टक्का विक्रीकर बसवण्याचा प्रस्ताव आला. जॉर्ज पेटॅक या सेनेटरनी ऐनवेळी बाजू बदलून मत दिले व तो मंजूर झाला. १९९६ मध्ये मतदारांनी पेटॅक यांना परत बोलावले. कर २०२० पर्यंत चालला. २०२३ मध्ये त्याच स्टेडियमच्या डागडुजीसाठी सुमारे ५० कोटी डॉलरचे सार्वजनिक साहाय्य मंजूर झाले. बदल्यात संघाने २०५० पर्यंत शहरात राहण्याचे वचन दिले.

१५/ येथे एक कायदेशीर खुबी सांगितली पाहिजे. १९८६ च्या करसुधारणेचा एक हेतू स्टेडियमांसाठी करमुक्त रोखे काढण्याची प्रथा रोखण्याचा होता. नियम असा झाला की खाजगी वापराच्या इमारतीच्या कर्जफेडीत खाजगी वाटा १० टक्क्यांहून अधिक असेल तर रोखे करमुक्त राहणार नाहीत. वाटले होते, शहरे माघार घेतील. झाले उलटेच: करमुक्तता टिकवण्यासाठी संघाकडून कमी घेऊन उरलेला भार करदात्यांवर टाकला जाऊ लागला.

१६/ ‘पण रोजगार वाढतो, व्यापार वाढतो’ हे समर्थन आपण सर्वांनी ऐकलेले आहे. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या अभ्यासग्रंथापासून आजपर्यंत अर्थतज्ज्ञांचे या प्रश्नावर दुर्मीळ असे मतैक्य आहे. सामन्यावर खर्च होणारा पैसा बहुतांशी त्याच शहरातील चित्रपटगृह, उपाहारगृह वा दुकान यांकडून वळलेला असतो. पैसा एका खिशातून दुसऱ्यात जातो. नवा फारसा जन्मत नाही.

१७/ तरी दुसरी बाजू हलकी लेखणे अप्रामाणिकपणाचे होईल. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटाच्या त्याच स्टेडियममध्ये हँक आरन यांनी ७१५ वा होमरन मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला. द्वेषपत्रे आणि जिवाच्या धमक्या सोसलेल्या एका कृष्णवर्णीय खेळाडूसाठी दक्षिणेतील शहराचे प्रेक्षक उभे राहिले. अशा क्षणाची किंमत कोणत्या ताळेबंदात मांडणार? शहराचे मन घडवणारे काही तरी खेळात असते, हे मला मान्य आहे.

१८/ मात्र त्या मनाचाच दर मालक वसूल करतो, हे दुखणे आहे. १९९६ च्या ऑलिंपिकनंतर तेथील स्टेडियमचे रूपांतर करून ‘टर्नर फील्ड’ हे ब्रेव्हजना मिळाले. २० हंगाम पुरे होताच तेही जुने ठरले. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी संघाने शेजारच्या कॉब काउंटीत जाण्याची घोषणा केली. २६ नोव्हेंबरला आयुक्तांनी चार विरुद्ध एक मतांनी सुमारे ३० कोटी डॉलरचा सार्वजनिक वाटा मंजूर केला. घोषणा ते मंजुरी, १५ दिवस. सार्वमत नाही.

१९/ २०१७ मध्ये स्टेडियम उघडले. भोवती ‘बॅटरी’ नावाची दुकाने, कार्यालये व घरांची वसाहत उठली, ती गजबजलेली आहे, हे खरेच. तरीही त्याच काउंटीतील केनेसॉ विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जे. सी. ब्रॅडबरी यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वाढीव करउत्पन्नातून अनुदानाची भरपाई होत नाही. सौदा घडवणारे काउंटीचे अध्यक्ष टिम ली २०१६ मध्ये निवडणूक हरले. सौदा मात्र राहिला.

२०/ २०२३ पासून ब्रेव्हजची मालक कंपनी स्वतंत्रपणे शेअर बाजारात आहे, म्हणून तिचे हिशेब उघड आहेत. त्या वर्षीचे तिचे उत्पन्न ६० कोटी डॉलरहून अधिक होते. बॅटरीचे भाडे त्या कंपनीच्या खात्यात जमा होते; रोख्यांची परतफेड काउंटीच्या खात्यातून होते. धंदा फळला तर भागधारकांचा, कर्ज मात्र नागरिकांचे. यालाच भागीदारी म्हणण्याची चाल पडली आहे.

२१/ याला पर्याय नाही काय? आहे, आणि तोही विस्कॉन्सिनमध्येच. ग्रीन बे हे लहानसे गाव. तेथील ‘पॅकर्स’ हा फुटबॉल संघ १९२३ पासून गावकऱ्यांच्या मालकीचा आहे. भागधारकांना लाभांश नाही; संघ विकून कोणी श्रीमंत होऊ शकत नाही. २००० साली स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी अर्धा टक्का विक्रीकर लावायचा होता, तेव्हा सार्वमत घेतले. ५३ टक्क्यांनी होकार दिला. २०१५ मध्ये कर संपला. संघ तेथेच आहे.

२२/ म्हणजे सार्वजनिक पैसा दिला की वाईट, न दिला की चांगले, इतके हे सोपे नाही. पॅकर्सनाही करदात्यांनी दिले. फरक इतकाच की तो संघ पळून जाऊ शकत नव्हता आणि होकार लोकांनी स्वतः दिला होता. या प्रकारची मालकी नव्याने कोणाला मिळू नये, असा नियम त्या लीगने केला आहे. मालकांना नेमके कशाचे भय वाटते, ते त्यावरून कळावे.

२३/ आपल्याकडे शहर सोडण्याची धमकी क्वचितच ऐकू येते. सवलत दुसऱ्या वेषात येते. जून २०२३ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात क्रिकेट सामन्यांच्या पोलिस बंदोबस्ताचे शुल्क कमी झाले, आणि ती कपात २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली गेली. थकबाकीचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. रोखे नाहीत, विक्रीकर नाही. तरीही देणारी तिजोरी तीच आणि सूट मिळवणारा धंदाही तसाच सधन.

२४/ माझे मत थोडक्यात असे. स्टेडियम जमिनीत रुतलेले असते, संघाच्या पायाला चाके असतात. या विषम सौद्यात जनता नेहमी हरते. म्हणून लोकांचा पैसा हवा असेल तर तीन अटी असाव्यात: मालकीत वा विक्रीच्या नफ्यात लोकांचा वाटा, कर्ज फिटेपर्यंत न मोडता येणारा करार, आणि मंजुरीपूर्वी पुरेशा मुदतीचे खुले मतदान.

२५/ संघावर प्रेम जरूर करावे. बॉस्टनने केले, मिलवॉकीने केले, अटलांटा आजही करते. १९५३ मध्ये मिलवॉकीच्या रस्त्यांवर संघाच्या स्वागताला उतरलेली माणसे मूर्ख नव्हती. त्यांना फक्त कोणी सांगितले नव्हते की ज्या दाराने संघ आला ते दार बाहेरही उघडते. आता ७० वर्षांचा इतिहास हाताशी आहे. पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी तो वाचावा, एवढीच अपेक्षा.

#इतिहास #धागा_समाप्त