ओळखीचा दुष्काळ, अनोळखी पाऊस

गावी गेलो असताना थोरले चुलते म्हणाले, ‘‘नक्षत्रं आता पंचांगातच उरली बघ. मृगाच्या भरवशावर पेरावं, तर दुबार पेरणी ठरलेली.’’ तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. शेतकऱ्याच्या तोंडी जी गोष्ट इतक्या सहज येते, ती आमच्या कथा-कादंबऱ्यांत का दिसू नये?

निसर्गाचा कोप मराठी साहित्याला नवा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. वाचताना आपण हेलावतो. पण तो दुष्काळ ओळखीचा असतो. आज ना उद्या पाऊस परतेल, हा विश्वास वाचकापाशी शाबूत राहतो. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांची परवड आहे, सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये कोरडवाहू शेतकऱ्याची. तेथे निदान बोट कोणाकडे दाखवायचे, हे कळते.

हवामानबदलाची गोष्ट वेगळी. येथे दैवाला दोष देऊन सुटता येत नाही आणि एकच एक खलनायकही सापडत नाही. कोळसा आणि तेल जाळणाऱ्या व्यवस्थेत लेखक आहे, वाचकही आहे. फक्त वाटा सारखा नाही. ज्याने सर्वांत कमी जाळले, त्याचेच शेत आधी वाहून जाते.

अमिताव घोष यांनी २०१६ साली ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये गंभीर कादंबरीच्या या मौनावर बोट ठेवले. कादंबरीला संभाव्यतेची इतकी सवय जडली आहे, की अघटित ते सारे ती विज्ञानकथेच्या दारात नेऊन सोडते. आपल्याकडे तेच झाले. जयंत नारळीकरांनी ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पाडला; आपण ती कल्पनेची भरारी म्हणून वाचली. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एखाद्या कादंबरीकाराने हा आकडा आधी लिहिला असता, तर समीक्षकांनी त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता!

साहित्याने प्रचारपत्रके काढावीत, असे मला म्हणायचे नाही. मृग, आर्द्रा, हस्त, श्रावण या शब्दांवर आपली निम्मी कविता उभी आहे. त्या शब्दांखालची जमीन सरकते आहे, एवढे तरी लेखकाला जाणवावे.

‘‘मग पेरणीचं ठरवता कसं?’’ मी चुलत्यांना विचारले. ‘‘आभाळाकडं बघायचं, अन् भीत भीत पेरायचं.’’

त्या भीतीची कादंबरी मला मराठीत वाचायची आहे.